दुबईच्या विमानाची वाट

दुधनी, ता. अक्कलकोट
१४ ऑगस्ट २०२५

अहो,

शरणू शरणार्थी. भुवी आणि मी ठीक आहोत. तुम्ही कसे आहात हे विचारायची सोय राहिली नाही, तरी विचारते.

तुमचा फोन लागेनासा झाल्याला महिना होत आला. तुमच्या कंपनीच्या दुबईच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, कागदावर लिहून फोटो पाठवा, सुदानच्या बंदरावरून तुमच्या साखर कारखान्याकडे मालाचा ट्रक जातो, त्यात देतो. लग्नानंतर तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. हसू नका.

भुवीचा पुढचा दात पडला. तूर बरी आहे. महादेवप्पा काकांनी तुमच्या मोटारसायकलला नवी बॅटरी बसवून घेतली. रोज सकाळी येऊन चालू करतात, थोडा वेळ ऐकतात आणि बंद करून जातात.

वकिलातीत फोन लागला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "ताई, तिकडे जाऊ नका असं सरकारनं स्पष्ट सांगितलं होतं ना?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तो म्हणाला, आहेत तिथंच थांबायला सांगा, खरा धोका रस्त्यावर आहे. वाट मोकळी झाली की कळवतील.

युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारनं जहाज पाठवून तुम्हाला घरी आणलं, तिथंच आपली गफलत झाली. तुम्हाला वाटलं जहाज म्हणजे अक्कलकोटची एसटी, ही चुकली तर मागून दुसरी. मी अडवलं तर म्हणालात, "साखर शिजवणाऱ्याला कोण मारतंय?" तुमच्याशिवाय साखरेचा दाणा नीट धरत नाही म्हणून कारखान्यानं परत बोलावलं आणि तुम्ही फुगलात. खरं सांगू, मलाही बरं वाटलं होतं. गावात मात्र दुबईला गेलेत म्हणून सांगायचं आपण ठरवलं. अव्वांनाही, तुमच्या आई असून.

आता अव्वांचं लिहिते. इतका वेळ टाळत होते.

अव्वा गेल्या. सोमवारी पहाटे, झोपेतच. त्रास झाला नाही. तुम्ही आधी खाली बसा, आणि कारखान्याच्या बाहेर पाऊल टाकू नका. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर आहात तसे निघाल, याच भीतीनं हे पत्र लिहितेय.

आंघोळ घालून, विभूती लावून अव्वांना पडवीत बसवलं. आपल्याकडे गेलेल्या माणसाला बसवूनच नेतात, आणि बसलेलं माणूस कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं दिसतं. स्वामी आले, मुलगा कुठं म्हणून विचारलं. कुणीतरी म्हणालं, "दुबई काय लई लांब हाय? इमानानं हैदराबाद, तितनं रेल्वे. थांबू की." सगळे थांबले.

मी आत जाऊन चहाला पाणी ठेवलं. भजन चालू होतं. चहा झाला, पुन्हा झाला. काका प्रत्येक गाडीला स्टेशनवर जाऊन येत होते. दुपार कलली तेव्हा घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, "ह्या गाडीलाबी न्हाई. इमान चुकलं असंल." पाणीही न पिता पुन्हा चप्पल घालायला लागले, ते मला बघवेना.

अव्वांसमोर उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं. ते दुबईत नाहीत. युद्ध चाललंय तिथं आहेत. ते येणार नाहीत.

मला कुणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. काका तिथंच उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "पोरी, वैनीला ठावं व्हतं की. मला म्हणायची, दुबईत असून माझा बसू व्हिडिओ फोनवर बोलता बोलता सारखा आभाळाकडं का बघतो? पन सुनंला इचारू नका, ती लई कष्टानं सांभाळतीया."

मला त्या रोज एवढंच विचारायच्या, "बसू यावाग बर्तान?" कधी येणार तो? मी म्हणायची, दिवाळीला. त्या बरं म्हणायच्या आणि शेंगा सोलत बसायच्या. काकांचं ऐकल्यापासून मला हे सहन होत नाही. आम्ही दोघी एका घरात बसून एकमेकींना जपत होतो, आणि दोघी एकट्या होतो.

सूर्य बुडायच्या आत त्यांना नेलं. मुलानं करायचं ते काकांनी मला करायला लावलं. पहिली माती मी टाकली.

माझ्यावर रागवा. तिथं बसून रागवा, रडा. पण निघू नका. कुणी म्हणालं, चल, आडवाटेनं पोहोचवतो, तरी नाही. अव्वांसाठी धावत यायचं आता उरलं नाही. आमच्यासाठी उशिरा या, पण जिवंत या. दिवाळीचं मी कुणाला सांगत नाही आता. भुवीनं विचारलं तर तिलाही म्हणते, मला माहीत नाही.

सगळ्यांदेखत तुमची वाट पाहणारी,
महेश्वरी