कंसातला महिना

गुरुवार, ६ आब

रिदा जिवंत आहे. दुपारी तीनला अबू नायफने फोनवर पक्कं सांगितलं. आपण पाठवलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं आणि ते बरोबर आहे.

प्रश्न त्याच्या बायकोने, दलेंदाने ठरवला होता — आपली मुलगी कोणत्या तारखेची? उत्तर आलं — अकरा आब. मलेक खरंच त्या दिवसाची आहे. रिदा सीमेपलीकडे सीरियातल्या हौरानात बातमीसाठी गेला आणि हरवला, त्याला पंधरा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत आलेला हा पहिला शब्द.

डेस्कवर सगळे उठून उभे राहिले. शुक्रीने टाळ्या सुरू केल्या. खालच्या दुकानातून कुनाफा मिठाईचं ताट आलं. दलेंदा माझ्या खुर्चीत बसली होती. रडली नाही, हसलीही नाही. "पाणी द्या," एवढंच म्हणाली. धक्का बसला असेल.

बातमी छापायची नाही. अबू नायफची अट. तो मेंढ्यांचा व्यापारी, सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याची सोयरिक. रिदाला ठेवून घेतलेल्या लोकांपर्यंत सध्या आमच्याकडे तोच एक रस्ता आहे.

शुक्रवार, ७ आब

सुट्टी. दलेंदा माझ्याकडेच राहते, लुवेब्दा भागातल्या घरात. ट्युनिसियातल्या स्फाक्सहून आणलेल्या डब्यातली हरीसा, लाल मिरचीची चटणी, ती अंड्यात घालते, चण्यात घालते. "तुमच्या अम्मानचं जेवण आजारी माणसाचं," म्हणते. आज मात्र तिने डबा उघडला नाही.

रिदाची आणि माझी रोजची कटकट आठवली. पेपर अम्मानचा, वाचक सगळीकडचे. म्हणून नियम असा की महिन्याचं आमचं नाव आधी आणि कैरोकडचं कंसात. आब (अगुस्तस). तम्मूझ (युलियू). बावीस वर्षांपूर्वी नियम मीच केला. रिदाच्या मजकुरात मात्र ऊत, जुइलिया, जुआन. मी रोज खोडायची. तो म्हणायचा, "उस्ताजा, तुमच्या कंसात एकाच पाहुण्याला जागा. आम्ही ट्युनिसवाल्यांनी झोपायचं कुठे?" शुक्री कैरोचा. तो लगेच — "फ्रेंचांकडे जाऊन झोपा. महिने तिथूनच उसने आणलेत ना?" रिदा — "आणि तुमचे काय, नाईलमधून वाहत आले?"

एक ऑगस्ट, तीन माणसं, तीन नावं — माझा आब, शुक्रीचा अगुस्तस, रिदाचा ऊत. मोरोक्कोची बातमी आली की चौथं. त्या गोंगाटात मी पानं लावली. एप्रिलपासून शुक्रीही गप्प असतो.

रविवार, ९ आब

संध्याकाळी मी मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होते. दलेंदा खिडकीपाशी सासूशी बोलत होती. "मलेकचा वाढदिवस करा हो. अकरा ऊतलाच करा. मी नाही म्हणून पुढे ढकलू नका."

पुढचं बोलणं मला ऐकूच आलं नाही.

अकरा ऊत, ती म्हणाली. अर्थात. ती दुसरं काय म्हणणार?

आणि रिदाचं म्हणून उत्तर काय आलं? अकरा आब.

सोमवार, १० आब

शुक्रीला सहज विचारलं, तुझा मुलगा कोणत्या महिन्यातला.

"यनायर. का, भेट देताय?"

एकोणीस वर्षं हा माणूस अम्मानमध्ये आहे. जानेवारीच्या बातमीत दिवसातून पन्नास वेळा 'कानून दुसरा' लिहितो. मी म्हटलं, कानून नाही म्हणालास?

"उस्ताजा, कानून बातमीत. पोरगा यनायरमध्येच झाला."

माझे वडील शबातमध्ये गेले. कुणी कितीही दम दिला तरी मी शबातच म्हणेन. घाबरलेलं माणूस तर लहानपणीचंच नाव घेईल.

मग जुने अंक काढले. १२ अय्यार, म्हणजे मे, पान तीन, 'आमचा सहकारी'. खाली माझं नाव. चौथा परिच्छेद — 'त्याची मुलगी मलेक हिला येत्या ११ आब (अगुस्तस) रोजी सहा वर्षं पूर्ण होतील.' रिदाने नोकरीला लागताना स्वतःच्या हाताने भरलेल्या कागदावर ११ ऊत आहे. त्याचं आब मी केलं. लोकांना कळवळा यावा म्हणून मुलीचं वय घातलं आणि नियम म्हणून महिना बदलला.

म्हणजे उत्तर आमच्याच पेपरात छापलेलं होतं. तीन महिने. कुणीही वाचू शकत होतं. दलेंदाने प्रश्न सुचवला तेव्हा मी शेजारीच बसले होते. तिने तो लेख कधी वाचला नव्हता. मी लिहिलेला होता. आणि मला आठवला नाही!

उत्तर देणाऱ्यांना रिदाची गरजच नव्हती. मग रिदा कुठे आहे?

मंगळवार, ११ आब

मलेक सहा वर्षांची झाली. फोनच्या पडद्यावर केक, मेणबत्त्या, मागे आजीचा हात. मलेकने विचारलं, "बाबांना आजचा दिवस माहीत आहे ना?"

"माहीत आहे," दलेंदा म्हणाली. "त्यांनी परवाच सांगितलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळली. आज सांगायचं नाही, असं ठरवलं. कालच सांगायला हवं होतं.

बुधवार, १२ आब

मार्का भागातल्या अबू नायफच्या वखारीवर गेले. लोकरीचा वास, पंखा, वेलदोड्याची कॉफी. माझं सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, आब म्हणजे अगुस्तस, अगुस्तस म्हणजे ऊत. उन्हाळा एकच आहे."

मी म्हटलं, आपल्या लेकीचा जन्म माणूस परक्या महिन्यात सांगत नाही.

"निरोप्या सीमेपलीकडच्या दरा शहरातला. तुमच्या माणसाने ऊत म्हटलं असेल, त्याने आब करून सांगितलं. तुम्ही पेपरात रोज काय करता? हेच ना?"

असंही झालं असेल. कदाचित असंच झालं असेल. आणि म्हणूनच मी चिडले. म्हटलं, पुन्हा विचारा. या वेळी त्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा आणा. स्फाक्सचा माणूस ऊत म्हणेल, जानफी म्हणेल, जुइलिया म्हणेल. आब म्हटलं तर मी मानणार नाही.

"हळू सांगा," तो म्हणाला. सिगारेटचं पाकीट उलटं करून त्याने पेन काढलं. "निरोप्याला समजावून सांगावं लागेल. बाराही सांगा."

मी सांगितली. एकेक करून. दोनदा त्याने परत विचारलं. मी नीट करून दिली.

दारापर्यंत पोचवायला आला. "उन्हात आलात," म्हणाला, "पाणी पिऊन जा."

गुरुवार, १३ आब

मी काल त्याला काय देऊन आले!

एक खूण होती आमच्याकडे, खरं-खोटं ओळखायची. ती मी स्वतःच्या तोंडाने सांगून आले. त्याच्या मनात काळंबेरं नसेलही. पण पाकीट निरोप्याकडे जाणार, आणि निरोप्या त्यांच्याकडे.

शनिवार, १५ आब

दलेंदाला सगळं सांगितलं. नाश्ता तसाच राहिला. लेख, कंस, आब, ऊत. वखारीवर काय करून आले तेही. काही मागे ठेवलं नाही.

तिने झाअतरच्या चटणीची वाटी बाजूला सरकवली. म्हणाली, "मला गुरुवारीच कळलं होतं."

कोणत्या गुरुवारी?

"टाळ्या वाजवल्यात ना, त्या. आब ऐकलं आणि कळलं. रिदाला आपल्या आईचं नाव एक वेळ आठवणार नाही, पण मलेकला आबमध्ये जन्मलेली तो म्हणणार नाही. तुम्ही सगळे मिठाई खात होतात, ताई. मी काय म्हणायला हवं होतं? थांबा, तो मेला असेल?"

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. महिन्यांची पंडित तुम्ही. सोमवारपासून तुमच्या तोंडाकडे बघतेय. काही लपलं नाही, चेहऱ्यावर छापलेलं होतं. आज बोललात."

मग म्हणाली, "आता मी विचारते. मलेकच्या आधी एक बाळ पोटात होतं. चौथ्या महिन्यात गेलं. आम्ही कुणालाही सांगितलं नाही — त्याच्या आईलासुद्धा नाही. ते वर्षातल्या कोणत्या महिन्यात गेलं, एवढंच विचारा."

मी लिहून घेतलं. महिना कोणता, ते विचारलं.

"ते तुम्हाला सांगणार नाही."

का?

"तुम्ही छापता."

तिच्या आवाजात राग नव्हता. कपबश्या उचलून ती आत गेली. दुपारी प्रश्न अबू नायफला कळवला.

रविवार, १६ आब

उत्तर नाही.

सोमवार, १७ आब

सकाळी अबू नायफ. "ते वैतागलेत. म्हणतात, आमची परीक्षा घेता काय. आता प्रश्न बंद. गुरुवारी बायकोने यायचं. एकटीने. रम्था गावाच्या पुढे एक घर आहे, आपल्याच बाजूला. पेपरवालं कुणी दिसलं तर विषय संपला."

मी म्हटलं, परवाच्या प्रश्नाचं काय?

"निरोप गेलाय. आला तर आला."

सरकारी खात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला भेटले. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "आम्हाला माहीत आहे." काय माहीत आहे ते सांगितलं नाही. तिला जाऊ देऊ नका, असंही म्हणाला नाही. पाठवा, असंही नाही.

शुक्री म्हणतो, रोखा तिला. "घराला बाहेरून कुलूप लावा. शिव्या मी खातो."

मंगळवार, १८ आब

रोखायचा प्रयत्न केला. दोन तास. ती विनवणीला, धाकाला, कशालाच बधत नाही.

"तुमचा अबू नायफ म्हणतो तसंही असेल," ती म्हणाली. "निरोप्याने बदललं असेल. दहात एक. तुम्ही गेला नसता का दहात एकासाठी?"

आणि बाकीचे नऊ?

"तर त्याला घेऊन येईन. असेल तसा. स्फाक्सला त्याच्या वडिलांशेजारी जागा आहे. परक्या मातीत ठेवणार नाही मी त्याला."

आणि तुला ठेवून घेतलं तर? मलेकचं काय? हे मी विचारलं. विचारायला नको होतं, पण कुणीतरी विचारायला हवं होतं.

तिने बोटातली अंगठी काढून ओट्यावर ठेवली, हात धुतले, पुसले, अंगठी परत घातली. "सासूला सांगून ठेवलंय," म्हणाली.

बुधवार, १९ आब

ठरलं ते असं — सहाला अबू नायफची गाडी इथे येणार. चालवणारा त्याचा मेहुणा. अबू नायफ स्वतः वखारीवर थांबणार. दलेंदाचा फोन गाडीत बसतानाच बंद होणार, तीही त्यांची अट. नऊपर्यंत ती त्या घरी पोचेल. काही झालं तर दुपारपर्यंत मला कळेल. काही झालं नाही तर किती वाट बघायची, हे कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही. तिने दिवसभरात चार वेळा विचारलं. मी चार वेळा नाही म्हटलं. पाचव्यांदा विचारलं नाही.

तिने छोटी पिशवी भरली. रिदाचा एक सदरा, इस्त्री केलेला. आणि पांढऱ्या कापडाची घडी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं आणि चेन ओढली. मी बघितलं, हे तिने बघितलं.

उद्याच्या पहिल्या पानासाठी मी दोन बातम्या लिहून ठेवल्यात. एक तो परत आल्याची, एक दुसरी. धंद्याची सवय. दोन्हीत त्याच्या मुलीचा उल्लेख नाही.

गुरुवार, २० आब

सहाला गाडी आली. ती पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर. फोन माझ्यासमोर बंद केला.

सात चाळीसला अबू नायफचा निरोप. 'दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. फिवरी. बाईंना कळवा.'

फिवरी. आमचा शबात, म्हणजे फेब्रुवारी. स्फाक्सचा शब्द — आणि मी सांगून आलेल्या बारांतला दुसरा.

महिना बरोबर असेल तर तो जिवंत आहे. चूक असेल तर ती सापळ्यात चालली आहे. कोणतं खरं, हे एकाच माणसाला माहीत आहे आणि तिचा फोन बंद आहे. अबू नायफला फोन केला, गाडी थांबवा म्हटलं. तो म्हणाला, "मेहुण्याचाही बंद आहे, बाई. अटच ती."

आता आठ वाजून दहा. नऊला गाडी पोचेल.