मामांचे शेअर, माझं काजांचं मशीन

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मामी सांगतात तोच लेप लावावा, स्वतःचा शोधू नये.)

मामा, आपण जिंकलो! तुम्ही मला बक्षीस दिलेले शेअर विकून मी काजं करायचं मशीन सांगून ठेवलं, हे तुम्हाला माहीत आहेच. रिटर्न भरायला गेलो तर करसल्लागार चष्म्यावरून बघत म्हणाले, "चार महिन्यांत विकलेत? अल्पमुदतीचा नफा. कर जास्त." मी धीर करून म्हणालो, "साहेब, कापड मी आज शिवलं म्हणून ते आज विणलं असं होतं का? मामांकडे ते अकरा वर्षं होते." त्यांनी नियम काढला, वाचला, पुन्हा वाचला (मीही उलट्या बाजूने वाचला). बक्षीस मिळालं असेल तर देणाऱ्याची वर्षंही धरतात! नफा दीर्घ मुदतीचा, कर कमी. त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठीसुद्धा.

मग त्यांनी विचारलं, "मामांनी कितीला घेतले होते?" मी छाती फुगवून, प्रत्येक लग्नकार्यात तुम्ही सांगता तेच सांगितलं, "कवडीमोलाने! जवळजवळ फुकट!" त्यांनी खरेदीच्या रकान्यात जवळजवळ फुकटच लिहिलं. विक्रीतून खरेदी वजा करून उरतो तो नफा, आणि कर त्यावर. म्हणजे सगळी विक्रीच नफा झाली आणि माझं अर्धं मशीन करात गेलं. मी त्यांचा हात धरला. म्हणालो, "थांबा साहेब, आमचे मामा जरा हौसेने बोलतात."

ते थांबले आहेत. विजय आपलाच आहे.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. खरेदीचा कागद तेवढा पाठवावा. खरी किंमत जितकी जास्त, तितकं बरं, लाजू नये. मामींना कळू नये म्हणून पाकीट दुकानाच्या पत्त्यावर टाकावं.

ता. क. दुसरा. आत्ताच मामींचा फोन आला आणि माझ्या तोंडून सगळं निसटलं. कागद पहिल्या दिवसापासून त्यांच्याच कपाटात आहे. तुम्ही घेतले जवळजवळ त्याच भावाला मी विकले, म्हणजे नफा जेमतेम आणि कर जवळजवळ नाहीच! मामा, अकरा वर्षांत इतकं कमी कमावल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. मशीन सोमवारी येतंय.

"त्यांना सांगू नकोस, बिचारे त्या गोष्टीवर खूश असतात," असंही मामी म्हणाल्या. पण पत्र शाईने लिहिलंय आणि मला खाडाखोड आवडत नाही. तरी हा ता. क. वाचू नये.