इस्त्री न मोडणारी गाडी

धाकट्या भावास,

ताईचा आशीर्वाद. भावजयीला दोन जास्त, कारण तुझ्याबरोबर राहायचं म्हणजे तिला ते लागतातच. आम्ही इकडे सगळे बरे. तुझी कंबर कशी आहे ते पुढच्या पत्रात एका ओळीत कळव. मागच्या पत्रात दीड पान नुसती कंबर होती. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला वाचायला वेळ लागतो आणि तोवर इकडे दुकानात इस्त्री तापून बसते. माझे गुडघे जागेवर आहेत. ह्यांचं, म्हणजे तुझ्या भावोजींचं, ब्लडप्रेशर चांगलं आहे असं डॉक्टर म्हणतो, आणि डॉक्टर चांगला नाही असं हे म्हणतात. झालं, तब्येती संपल्या.

आता तुझा प्रश्न. तू विचारलंस की, ताई, तुमच्याकडे आहे तसलीच मधल्या आकाराची घरगुती गाडी घ्यायचं मनात आहे, तर चालवणाऱ्यांचं मत काय, पैसे वसूल होतात का, पळते कशी. (जन्मभर बस हाकलेला माणूस लाँड्रीवाल्या बाईला गाडीबद्दल विचारतो. असो. बसला डिकी नसते, तुला काय कळणार.) माझं मत एका वाक्यात सांगते. गाडी चालते, थांबते, आणि दार एका दणक्यात लागतं. एवढ्यावर पत्र संपवलं असतं, पण आमच्याकडे ती गाडी चौघं चालवतात आणि चौघांची चार मतं आहेत. त्यावरून मागच्या रविवारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

झालं असं, की चिरंजीवांच्या डोक्यात उंच गाडी शिरली आहे. ऑफिसातल्या कुणीतरी घेतली. तिच्यात बसलं की म्हणे बाकीच्यांच्या टपावरची धूळ दिसते. दुसऱ्याच्या टपावरची धूळ बघून ह्याला काय मिळणार आहे ते मला कळलं नाही, पण तेव्हापासून आमच्या गाडीत हजार खोड्या. पिकअप नाही, चढाला दम लागतो, सीट खाली आहे, रंग म्हातारा आहे. विकून टाकू म्हणतो. आणि नवी आली की ती तू चालवायची नाहीस आई, तिला सेन्सर असतात. आता मला सांग, हॉटेलच्या चादरी आणि हॉस्पिटलचे डगले मी काय डोक्यावरून पोचवू? माझा पाय चढत नाही त्या उंच गाडीत, आणि चढला तरी ती चावी काही माझ्या हाताला लागायची नाही. टेम्पोवाला ठेवून बघितलाय मी. तो चादरींवर बसून डबा खातो. गाडी गेली की माझं दुकान दोन गिऱ्हाइकांसकट गेलं, आणि मी घरात बसून टीव्हीला शिव्या देणार. तेव्हा मी म्हटलं, थांब. चालवणारे चौघं आहोत, चौघांनी रविवारी पाळीपाळीनं चालवायची, दुसऱ्याच्या पाळीत तोंड उघडायचं नाही, हात घालायचा नाही, आणि मग मत द्यायचं. चिरंजीव म्हणाले, ठीक, पण नियम म्हणजे नियम.

ह्यांचं मत तुला माहीत असेल. हे पोस्टातून रिटायर झाले तरी अजून प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारतात. ह्यांच्या मते सरळ रस्त्यावर ह्या गाडीसारखी गाडी नाही. बाकी रस्त्यांबद्दल विचारलं की म्हणतात, बाकीचे रस्तेच खराब. दुसऱ्या कुणी चालवली की हे शेजारी बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबतात. ह्यांच्या बाजूची पायपुसणी दोनदा बदलली, माझ्या बाजूची आहे तशी आहे. सूनबाई हॉस्पिटलात नर्स आहे. चौघांत तीच चांगली चालवते म्हणून तीच कमी बोलते. तिचं मत असं, की ड्युटी संपल्यावर काच वर केली की ह्या गाडीत कुणाचा आवाज येत नाही, आणि घरी पोचायच्या आधी दोन मिनिटं फाटकाबाहेर तसंच बसता येतं. (हे तिनं मला सांगितलं, चिरंजीवांना नाही. तूही सांगू नकोस.)

माझी परीक्षा वेगळी. मी मागच्या बाजूला दोरी बांधून कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट टांगते. घरून निघताना जशी घडी असते तशी पोचल्यावर असली, तर गाडी चांगली आणि चालवणारा चांगला. नाहीतर दोघंही सारखेच. ह्यापेक्षा जास्त गाडीबद्दल कुणाला काही कळत असेल असं मला वाटत नाही. रविवारी निघण्याआधी मी तसे शर्ट टांगले. चिरंजीव म्हणाले, आई, हे काय. मी म्हटलं, हे पंच.

पहिली पाळी चिरंजीवांची. पिकअप दाखवायला म्हणून त्यांनी सिग्नल सुटल्यासुटल्या असा पाय मारला, की शर्ट एकमेकांच्या गळ्यात पडले आणि एकाची बाही ह्यांच्या तोंडावर आली. पुढच्या सिग्नलला परत तेच. पिकअप आहे की नाही हा वाद तिथंच संपला, कारण ह्यांचा चष्मा मागच्या सीटखाली सापडला. दुसरी पाळी ह्यांची. बायपासला नेऊन नाकासमोर चालवली, एका लयीत. शर्ट हलले नाहीत, गाडीही जवळजवळ हलली नाही, एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि जाताना त्यानं आत बघितलं. सूनबाईच्या पाळीत मला झोप लागली. शर्टांनाही लागली असावी, एकही हलला नाही. हेच तिच्याबद्दलचं माझं मत समज.

मग माझी पाळी. आता तुला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी गाडी मागं घेत नाही. येत नाही असं म्हणू नकोस. घेत नाही. वेळच आली नाही कधी. आमच्या अंगणाला पुढून एक फाटक, मागून एक. पुढून आत, मागून बाहेर. हॉटेलपुढे गोल बाग आहे, तिला वळसा घातला की तोंड परत रस्त्याकडे. हॉस्पिटलचं पोर्च एका बाजूनं शिरायचं, दुसऱ्या बाजूनं निघायचं. जिथं असं नाही तिथं मी लांब लावते आणि चालत जाते. लोक म्हणतात, ह्या वयात केवढा व्यायाम. लायसनच्या वेळेला साहेबाला घाई होती, तो म्हणाला, मागचं बघितलं असं समजतो. मी म्हटलं, समजा. एकदाच काय ती फजिती झाली. साबणाच्या घाऊक दुकानाचं वळण चुकलं आणि मागं यायचं नाही म्हणून पुढं पुढं जात राहिले, ती दुसऱ्या गावात पोचले. संध्याकाळी घरी आले आणि सांगितलं, तिकडे साबण स्वस्त मिळतो का बघून आले. (महाग निघाला.) हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही. चिरंजीवांना कळलं तर गाडी सोमवारी विकलेली असेल.

तर मी माझ्या नेहमीच्या रस्त्यानं निघाले. मंडईमागची बोळ, दोन्हीकडे भिंती, गाडी जाईल एवढीच जागा, पलीकडे हॉटेलचा रस्ता. बोळीच्या मधोमध आले आणि समोरून आली पावाची गाडी. तिनं तिकडून यायचंच नसतं, पण पाववाल्याला कोण सांगणार. माझ्या पाठीमागं बोळ मोकळी होती. त्याच्या पाठीमागं रस्त्याचं वळण होतं. म्हणजे मागं जायचं ते मी, हे शेंबडं पोरही सांगेल. सूनबाई म्हणाली, आई, मी घेऊ का. चिरंजीव म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी इंजिन बंद केलं, एका शर्टाचं बटण सैल होतं तो काढला, पर्समधली सुई काढली आणि बटण लावायला घेतलं. सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला हे सांगायला हवं.

पाववाला उतरून आला. म्हणाला, आजी, जरा मागं घेता का. मी म्हटलं, मी मागं घेत नाही. तो म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे नाही घेत. तो म्हणाला, माझे पाव निवतील. मी म्हटलं, निवले तरी पावच राहतात, माझी इस्त्री मोडली तर शर्टाचा बोळा होतो. त्यानं शर्ट बघितले, मला बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. (हे एरवी शेजारून एवढं शिकवतात, पण त्या वेळी मी घेतो असं काही म्हणाले नाहीत. बाजूच्या भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं, विश्वास असावा.) मग तो पाववाला खिडकीत कोपर टेकून म्हणाला, ही गाडी मी टॅक्सीला चालवायचो. क्लच लोण्यासारखा, डिकीत अख्खा संसार मावतो, इंजिन कधी रडत नाही. फक्त मागची काच लहान. मागं घेताना काही म्हणजे काही दिसत नाही.

मी म्हटलं, ऐकलंत? एवढंच म्हणतेय मी मघापासून.

तो हसला. चिरंजीवही हसले, पण नियम मोडेल म्हणून तोंड दाबून. मग तो पाववाला गाडीत चढला, एका हातात पाव धरला, दुसऱ्या हातानं स्टेअरिंग, आणि ती गाडी त्यानं वळणापर्यंत अशी मागं नेली, की बघत राहावं. मी हॉटेलपर्यंत पुढं गेले, बागेला वळसा घातला, शर्ट बघितले. एकालाही सुरकुती नाही. एकाचं बटण उलट घट्ट झालेलं.

घरी आल्यावर मतं द्यायची होती, पण ती राहिलीच. चिरंजीव चपला न काढताच माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, आई, तू हटलीच नाहीस. त्यांच्या ऑफिसात म्हणे अशा माणसाला मोठ्या खुर्चीवर बसवतात. मग म्हणाले, गाडीचं एक वेळ बाजूला ठेवू. पुढच्या महिन्यात आपण सगळे सामानासकट सूनबाईच्या माहेरी जाणार आहोत, खाडीपलीकडे. तेव्हा तू चालव. सगळ्यांना घेऊन ही गाडी तुझ्या हातून तिथं नीट पोचली, तर विकायचं नाव काढणार नाही, शब्द देतो. हे म्हणाले, जरा विचार करू. मी म्हटलं, विचार कशाला, ठरलं. घाई केली. मला फाटे फोडलेले आवडत नाहीत.

म्हणून तुला सांगते, गाडी डोळे झाकून घे. पैसे वसूल आहेत. भावजयीला शेजारी बसव आणि तिला पाय हलवू देऊ नकोस. कागद संपला.

तुझी,
ताई

ता. क. खाडीवर पूल नाही. फेरीबोट आहे. मला वाटलं होतं पुढून चढायचं, पुढून उतरायचं. काल सूनबाई सहज बोलून गेली, की त्या बोटीला एकच तोंड आहे आणि गाडी उलटी चढवावी लागते, फळीवरून, खाली पाणी.

ता. क. दुसरा. तू डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायचास ना? येत्या आठवड्यात ये. गाडी घ्यायची आहे म्हणून बघायला आलो, असं सगळ्यांना सांग. सकाळी चिरंजीव ऑफिसात आणि सूनबाई ड्युटीवर असतात. मागच्या फाटकाला कुलूप लावू, आणि पुढून आत गेलेली गाडी पुढूनच बाहेर काढायला मला शिकव. कंबर घेऊन आलास तरी चालेल.

ता. क. तिसरा. तू मात्र ही गाडी घेऊ नकोस. तुझा बसचा हात, तू दर कोपऱ्यावर थांबशील आणि लोक चढतील.

ता. क. चौथा. पत्र टाकायला ह्यांच्याकडे देते. ह्यांनी जन्म पोस्टात काढला, दुसऱ्याचं पत्र उघडायचे नाहीत.

(पाकिटाच्या पाठीवर, बारीक अक्षरात)

मेहुणेबुवा, सप्रेम नमस्कार. पत्र मी उघडलेलं नाही. डिंक नीट लागला नव्हता, म्हणून शेवटचा भाग तेवढा दिसला. जरूर या. शिकवणी चालू असताना मला मागच्या सीटवर बसू द्या. मी काही बोलणार नाही, नुसता बघत राहीन. पण तुम्ही काय करता ते जरा मोठ्यानं सांगत जा. मलाही मागं घेता येत नाही, आणि हे तिला कळून चालणार नाही. तिला गाडी मी शिकवली आहे.