शाडूतलं हसू

मृणालीच्या बाबांना,

आपल्या पोरीचा दुभंगलेला ओठ शिवला. टाळू पुढच्या वर्षी शिवतील. सगळे खूश आहेत. मला मात्र तिचं ते नाकापर्यंत उघडणारं जुनं हसू हवंसं वाटतं.

फोटो कुणी काढू दिला नाय, म्हणून ऑपरेशनआधी मी माहेरी, दादांच्या गणपतीच्या कारखान्यात शाडूचा तिचा चेहरा घडवला. दादांना वाटलं, मूर्तीला चीर गेली. त्यांनी ओल्या बोटानं बुजवली. "नीट केली गो," म्हणाले.

उशिरा केलेल्या बारशाला ती तुमच्याकडे बघून हसली, तेव्हा तुम्हीही हसलात. मग तुमच्या आईंनी मी गरोदरपणी ग्रहणात विळी धरल्याचं काढलं, आणि तुम्ही एकटेच रोह्याला गेलात.

पत्र टाकणार नाय. आज पुन्हा माती मळली. तुमचा त्या दिवशीचा हसरा चेहरा करतेय. मृणालीला दाखवायला.

जोह्याहून,
अनिता