ट्रकमधली गाण्याची डबी

३ नोव्हेंबर
आमच्या सरदारजींना पुन्हा स्टिअरिंगवर डुलकी लागली! ट्रक कडेच्या उसात. वाचले. मला कळलं जाऊबाईकडून. हे म्हणतात, "ऊसच होता ना, विहीर नव्हती!" वर हसतात. मी नाही हसले. पुढची फेरी गुवाहाटीची, आणि धुकं पडायला लागलंय. ट्रकमधला जुना टेप कॅसेट गिळून मुका झालाय. जागं ठेवतील अशी गाणी हवीत. उद्या मोग्याच्या बाजारात जाते, यांच्याच ट्रकने.

४ नोव्हेंबर
दुकानदार लालाने काचेवर गाण्याच्या डब्याच डब्या मांडल्या. पहिली नखाएवढी — "बीबी, सकाळी पळायला जाणारे हीच नेतात." म्हटलं, माझा माणूस पळत नाही, ट्रक हाकतो. बोटं केळ्यांएवढी! दुसरीत चित्रं दिसतात. मग रस्ता कोण बघणार, तुझा बाप? तिसरीला सेलच घालता येत नाहीत. वाटेत संपली तर काय रडायचं?

दुकानात सगळ्याच गोड वाजतात. म्हटलं, चल बाहेर, इंजिन चालू करून वाजव. "असं आजवर कोणी केलं नाही, बीबी." "आज झालं!" इंजिन सुरू झालं आणि बाकीच्या मांजरागत म्यांव करायला लागल्या. एक काळी, जाड बटणांची, पेन्सिल सेलवरची — तिचाच ढोल इंजिनावर चढला. घेतली. सरदारजी आत बसून मिशीत हसत होते.

७ नोव्हेंबर
हे आज निघाले. पहाटे उठता उठेनात, मी फार बोलले. आता वाटतं, माणूस लांब जाताना कशाला बोलावं.

१९ नोव्हेंबर
हे आले! डोळे टवटवीत. वाटेत एकदाही पेंग नाही म्हणतात. जाऊबाईला मुद्दाम ऐकवलं — निवड कुणाची? माझी! भरपूर तुपाच्या पिन्न्या केल्या, कणकेचे लाडू यांच्या आवडीचे.

२० नोव्हेंबर
ट्रक पुसायला चढले. म्हटलं, ऐकू आपणही दोन गाणी. बटण दाबलं — आणि मीच! "अहो उठा! म्हशी पाणी पिऊन आल्या, तुमचं घोरणं संपेना!" पुढे ओली पगडी, सांडलेलं दूध, यांची बहीण — सगळं! आवाज भरायचंही बटण आहे म्हणे त्यात. लालाने एका शब्दाने सांगितलं नाही!

बादली घेऊनच मागे लागले. हे दाराआडून म्हणतात, "काय करू? ढोल दोनदा ऐकला की सवय होते, डोळा लागतो. तुझ्या आवाजाची बावीस वर्षांत झाली नाही! कानावर पडला की दचकून ताठ बसतो."

रागाने जेवले नाही. मग चुलीपाशी एकटीच हसत बसले.

२८ नोव्हेंबर
बाजारात फ्लॉवरवाल्याला झापत होते. मागे एक ट्रक करकचून थांबला. अनोळखी ड्रायव्हर उतरला, हातच जोडले! "भाभी, तुम्हीच त्या! एवढ्या धुक्यातून तुमच्या आवाजावर घरी पोचलो. ढाब्यावर सरदारजींच्या डबीतून आम्ही सगळ्यांनी तुमचं बोलणं भरून घेतलंय. नवीन कधी?"

घरी आले. म्हटलं, सरदारजी, काढा ती डबी! फ्लॉवरवाल्यावरचं निम्मं बोलणं अजून पोटात आहे.