फुकट कोण धावतं?

नागभीड,
१२ जुलै २००६

प्रिय धनराज यास,

रईसचे स. स. वि. वि. (नमस्काराच्या जागी सलाम बसवला आहे, गुरुजींनी लाल शाई आवरावी.)

तुझं उन्हाळ्यातलं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. शाळेत पोरं येत नाहीत, रस्त्याचं डांबर अर्ध्यात थांबलं, बदली होत नाही. सगळं ऐकून ती म्हणाली की या पोराले कोनी हसवा रे, नाईतर तिथी बसल्या बसल्या म्हातारा होऊन जाईन. म्हणून हे पत्र.

आमच्या स्टेशन रोडला इंटरनेटचं दुकान निघालं आहे. आपलं सायकलचं दुकान बंद केलं की मी तिथं जाऊन बसतो. अब्बांना वाटतं पोरगा हातचा गेला. पण तिथं मला धावणारे लोक सापडलेत. नागपूर, पुणे, हैदराबाद, कुठले कुठले पंधरावीस जण. कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात, एकाचं मिठाईचं दुकान. मोठा खेळाडू एकही नाही. दर रविवारी जो तो आपापल्या गावी धावतो आणि संध्याकाळी बाकीच्यांना लिहून कळवतो, कुठल्या रस्त्यानं गेलो, किती धावलो, वाटेत काय दिसलं. मग निकालाचा तक्ता लागतो आणि एकमेकांची टिंगल सुरू होते. मी शेवटून दुसरा असतो. शेवटचा मिठाईवाला.

तुझ्याबद्दल त्यांना सांगितलं. सिंदेवाहीला डी.एड.ला असताना तू मला अंथरुणातून ओढून धान संशोधन केंद्राच्या कुंपणाभोवती पळवायचास. दुसऱ्या वर्षी अब्बांची कंबर धरली, मी शिक्षण सोडून दुकानात बसलो आणि तू एकटाच पळत राहिलास. हे ऐकून सगळे म्हणाले की त्याला घ्या. मी म्हटलं, त्याच्या गावाला फोनसुद्धा नाही. तर नागपूरच्या आशाबाईंनी विचारलं की पत्र तर येतं ना? बँकेतून निवृत्त व्हायला आलेली बाई आहे, पण माझ्या पुढे असते. तेव्हा तू पत्रात निकाल लिही, मी इथं टाइप करीन. शिळा झाला तरी चालेल.

जानेवारीत नागपूरला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. सगळे तिथं पहिल्यांदा भेटणार. तूही येतो आहेस, हे मी ठरवून टाकलं आहे.

करिश्मावहिनींना सलाम, सोमारीला पापा. लोभ आहेच, त्याच्या जोडीला थोडं धाव.

तुझा,
रईस


मरकेगुडा,
६ ऑगस्ट २००६

प्रिय रईस यास,

धनराजचे स. जो. वि. वि. तू सलाम बसवलास, मी जोहार.

नाल्याला पूर होता, त्यामुळे तुझं पत्र भामरागडलाच पडून राहिलं. मुखरूनं बाजारातून येताना आणलं. मुखरू आमच्या शाळेत खिचडी शिजवतो. शाळेत नेमानं येणारे आम्ही दोघंच.

धावून काही बदलेल असं मला वाटत नाही. पण तू हट्टी, म्हणून गेल्या रविवारी निघालो. शाळेपासून नव्या पुलाच्या खांबांपर्यंत आणि परत, दहा किलोमीटर भरावेत. आणि पहिल्याच गावात फजिती झाली. आमच्या भागात माणूस धावत आला की तो कोणाच्या तरी मरणाची खबर घेऊन आलेला असतो. दुसऱ्या कशासाठी इथं कोणी धावत नाही. होस्टेलात वाढलो म्हणून असेल, मी हे साफ विसरलो होतो. धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा चालला होता. मला पाहून बाया हातातल्या पऱ्ह्याच्या जुड्या टाकून कडेच्या धुऱ्यावर आल्या आणि विचारू लागल्या की गुरुजी, कोन मेला? कोणी नाही म्हटलं तर पटेना. एक तर रडायलाच लागली, तिचा मुलगा बल्लारपूरला कामाला आहे. परत येताना मुखरू भेटला, त्यानं विचारलं की तुमच्या मांगं कोन लागलं हाये? आता गाव आलं की मी आधीच ओरडतो, कोनी मेला नाई, कोनी मेला नाई, आणि पुढे जातो.

वाटेत काय दिसलं तेही हवं ना? पुलाचं काम राखायला जवानांचे तंबू पडले आहेत. सकाळी सातला त्यांची पाळी बदलते, तेव्हा सगळे चुलीपाशी चहा पीत असतात. त्यांनी एक बकरी पाळली आहे. मला पाहिलं की ती दोर तोडायला बघते. माझ्या धावण्याची दखल घेणारी ती एकटीच.

करिश्मा खूप दिवसांनी पोट धरून हसली. शर्यतीचं मात्र डोक्यातून काढ. इथून निघालेला माणूस वेळेवर कुठं पोचत नाही.

माझा भरवसा धरू नकोस, लोभ धर.

तुझा,
धनराज


नागभीड,
१८ सप्टेंबर २००६

प्रिय धनराज यास,

रईसचे स. स. वि. वि.

अरे, तू तर सगळ्यांना वेड लावलंस! तुझं पत्र जसंच्या तसं टाइप केलं आणि त्या रविवारी दुसऱ्या कोणाचा निकाल कोणी वाचलाच नाही. हैदराबादच्या मिठाईवाल्यानं आपल्या गल्लीत कोनी मेला नाई असं ओरडून पाहिलं, तर लोकांनी त्याला धरून घरी पोचवलं. बकरीची तब्येत सगळे विचारतात. नंतरची तुझी दोन पत्रंही घातली. तक्त्यात तू पाचवा आहेस, माझ्या कितीतरी वर. मला राग येतो आणि छातीही फुगते.

शर्यतीत तुझं नाव आशाबाईंनी घातलंसुद्धा. मुक्काम त्यांच्याकडे. त्या म्हणतात, गुरुजींना वरणभात चालतो ना? मी म्हटलं, त्याला वाढा फक्त.

आणखी एक खुशखबर. आशाबाईंचा भाचा नागपूरच्या एका पेपरात आहे. त्याला तुझं पहिलं पत्र इतकं आवडलं की या रविवारी छापतो आहे. नाव, गाव, रस्ता घालू का असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, सगळं घाला, माझा दोस्त काही चोर नाही. तुला न विचारता सांगितलं, पण तुला विचारून उत्तर येईपर्यंत पेपर म्हातारा झाला असता.

रमजान लागतो आहे. अम्मी म्हणते, रोज्यात धावलास तर तंगडी तोडीन. दुपारनंतरची अस्रची नमाज झाली की हळूहळू धावीन, तिला कळवू नकोस.

पाचव्या नंबराच्या माणसानं शेवटून दुसऱ्यावर लोभ ठेवावा.

तुझा,
रईस


मरकेगुडा,
११ ऑक्टोबर २००६

प्रिय रईस यास,

धनराजचे स. जो. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. छापून झालं नसेल तर ते थांबव. झालं असेल तर तो पेपर इकडे येऊ नये एवढीच आशा करू. पुलावर कोण कधी चहा पितं हे नागभीडला गंमत म्हणून वाचतील. इथं ते कामाचं असतं, पोलिसांच्याही आणि जंगलातल्या बंदूकवाल्या लोकांच्याही. मीही लिहिताना विसरलो. त्या पंधरावीस अनोळखी माणसांना हसवायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

एक गोष्ट तुला सांगायची होती, ती आता सांगायला नको वाटते, तरी सांगतो. मी रविवारची वाट पाहू लागलो आहे. आठ वर्षांत इथं मी कशाचीच वाट पाहिली नव्हती. शनिवारी बूट धुऊन चुलीमागे वाळत ठेवतो. सोमारी नाल्यापर्यंत माझ्याबरोबर पळते. नागपूरला यायचं मनानं घेतलं, तसं करिश्माला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

पुढच्या पत्रांत फक्त किलोमीटर लिहीन. लोभ असावा, आणि तो पेपरात येऊ नये.

तुझा,
धनराज


हेमलकसा,
१४ नोव्हेंबर २००६

रईसभाऊ यांना,

करिश्माचा जोहार. मी लिहिते आहे हे यांना माहीत नाही. सोमारीला ताप होता म्हणून इथं दवाखान्यात आणलं, इथूनच पत्र टाकते. ती आता बरी आहे.

पेपरातला तुकडा दिवाळीच्या आधी आमच्याकडे पोचला. यांना ठाण्यात बोलावलं. साहेबांनी विचारलं की आमची पाळी कधी बदलते हे कोणासाठी लिहिलं? यांनी सांगितलं, धावण्याच्या निकालात लिहिलं. शर्यत कुठं होती म्हणाले. हे म्हणाले, जो तो आपल्या गावात एकटा धावतो. बक्षीस काय? काही नाही. बघायला कोण असतं? कोणी नाही. भाऊ, खरं होतं ते सगळं सांगितलं आणि सगळं खोटं वाटत होतं. तीन वेळा बोलावलं. मारलं नाही, पण दिवसभर बाहेर बाकावर बसवून ठेवलं. दिवाळीनंतरचा बाजाराचा दिवस होता, साऱ्या गावांनी पाहिलं.

मग जंगलातल्या लोकांनी बोलावलं. त्यांच्याजवळही तोच तुकडा, आणि पाळीच्या त्याच ओळीखाली रेघ. ते म्हणाले की दर रविवारी तंबूपर्यंत जाऊन तू काय सांगतोस, आणि पेपरात जिचं नाव आलं ती नागपूरची बाई कोण? शेवटी दोन्हीकडच्यांनी एकच विचारलं, गुरुजी, फुकट कोन धावते? यांना त्यात बरं वाटतं एवढंच मला माहीत आहे.

आता धावणं बंद आहे. लोक पोरांना शाळेत पाठवत नाहीत. मुखरूही कामाला येत नाही. हे अंगणात बसून असतात. तुम्हाला यांना हसवायचं होतं, हे मी समजते. तरी मी तुमच्यावर रागावले आहे, ते लपवत नाही. आता तुम्हीच काहीतरी करून यांना इथून काढा.

रागावलेल्या बहिणीवर लोभ ठेवा.

करिश्मा


नागभीड,
२८ नोव्हेंबर २००६

प्रिय धनराज यास,

रईसचे स. स. वि. वि.

मला सगळं कळलं. कसं ते विचारू नकोस. ईदला घरात शीरखुर्मा उकळत होता आणि तू तेव्हा त्या बाकावर बसला होतास, हे काही डोक्यातून जात नाही. मी गाढव आहे. सगळं घाला म्हणताना माझ्या जिभेला काही का झालं नाही, असं वाटतं.

तुझी पत्रं काढून टाकायला गेलो. इंटरनेटच्या दुकानदारानं सांगितलं की जे सगळ्यांच्या पेटीत जाऊन पडलं ते आता निघत नाही. आशाबाई फोनवर रडल्या. मग म्हणाल्या की गुरुजी निर्दोष आहेत असं भाच्याला छापायला लावते. मी आईच्या वयाच्या बाईवर ओरडलो, की आता त्याचं नावसुद्धा घेऊ नका.

आता ऐक. आपण शर्यतीसारखाच नीट बेत आखू. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी भामरागडहून सकाळची एस.टी. धर. वहिनी आणि सोमारी बरोबर. आलापल्लीला उतरून चंद्रपूरची गाडी घे. चंद्रपूर स्टॅंडवर मी उभा असेन. शाळेला आजारपणाची रजा टाक, परत जायचं नाव काढू नकोस. अब्बांनी दुकानामागची खोली रिकामी केली आहे, कंबर धरून स्वतः ट्यूबांचे ढीग हलवले. अम्मी म्हणते, त्याले म्हनावं इथी ये, इथी कितीबी फुकट धाव, कोनी पुसत नाई.

शर्यत धावायची तर धाव, नाही तर नको. ये फक्त. लोभ नंतर मागतो, आधी तू ये.

तुझा,
रईस


मरकेगुडा,
४ जानेवारी २००७

प्रिय रईस यास,

धनराजचे स. जो. वि. वि.

सोमवारी तू चंद्रपूरला उभा राहिला असशील. गाड्या बघत किती वेळ थांबलास, याचा विचार दिवसभर करत होतो.

तुझं पत्र मला मिळालं ते उघडून पुन्हा चिकटवलेलं. कोणी उघडलं ते मला माहीत नाही. पण दिवस, गाडी, बायको-मुलगी बरोबर, सगळं त्यात होतं. त्यानंतर चारच दिवसांत मुखरूला उचलून नेलं. कोणी, ते मी लिहीत नाही. गुरुजी पळून जाऊन राह्यले, तुले मालूम होतं ना, असं त्याला विचारत होते. त्याला काय मालूम असणार? तो परत आला तेव्हा त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. मी भेटायला गेलो तर त्याच्या बायकोनं मला पाहून दार लावून घेतलं.

आता मी इथून निघालो तर पुढचा जाब मुखरूच देईल. म्हणून निघत नाही. रोज शाळा उघडतो, रिकाम्या वर्गात बसतो आणि वेळ झाली की कुलूप लावतो. दोन्हीकडच्यांना मी दिसत राहिलो की त्याला कोणी हात लावणार नाही, असं मला वाटतं. खात्री नाही.

तुझ्यावर राग नाही. दोन्ही वेळा तू माझ्या भल्याचंच केलंस, आणि ते तीन महिने माझे फार चांगले गेले. पण मला आता भीती वाटते, रईस. उठल्यापासून वाटते. सोमारी अंगणात धावली तरी मी तिच्यावर ओरडतो. परवा तिनं मला विचारलं की बाबा, मी चालू का, आणि एक एक पाऊल टाकत माझ्याकडे आली.

तक्त्यातून माझं नाव काढ. विचारतील त्यांना सांग, कंटाळला. तू मात्र नागपूरला धाव. कितवा आलास ते मला कळवू नकोस.

शेजारच्या गावातून एका बाळंतिणीला हेमलकशाला नेत आहेत, त्यांच्या हाती हे देतो. यावर उत्तर लिहू नकोस. करिश्माच्या नावानं नको, अम्मीची खुशाली म्हणून नको, घरात काही बरंवाईट झालं तरी नको. तुझं प्रत्येक पाकीट इथं कोणाच्या ना कोणाच्या दारात जाऊन उभं राहतं.

लोभ असावा. पत्र नसावं.

तुझा,
धनराज