पगारदार माणसाला नळ कसा द्यावा

ती. दादास,

धाकट्या मावसभावाचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण आठांपैकी दोन अंगं, म्हणजे दोन्ही गुडघे, सध्या संपावर आहेत. तेव्हा हा षडंगच गोड मानून घ्यावा. तू दुकानातून पाठवलेलं खोकल्याचं औषध चालू आहे. खोकला गेलेला नाही, पण झोप इतकी गाढ लागते की तो मला ऐकू येत नाही, फक्त हिला येतो. वहिनींचा रक्तदाब कसा आहे? चढला असणार. भल्याभल्यांना या वयात गुडघ्यांची चिंता पडते आणि आमच्या औषधविक्रेत्या बंधूंना नगरपालिकेत निवडून जायची इच्छा होते. (तुला ‘तू’ म्हणून घेतोय, कारण हे शेवटचं असू शकेल. निवडून आलास की ‘आपण’ म्हणेन आणि चिठ्ठी आत पाठवून बाहेर बाकावर बसेन.)

तुझा प्रश्न मात्र मला फार आवडला. अर्ज भरायची मुदत शनिवारी संपते, वहिनी नको म्हणतात, आणि उभं राहायचं की नाही हे तू माझ्यावर सोपवलं आहेस. वहिनींचं म्हणणं असं की सदस्याला मिळणारं मानधन इतकं किरकोळ आहे, की माणूस एक तर दुकान बुडवील नाही तर वरकमाईकडे वळेल. तुझं म्हणणं असं की दुकान बरं चालतंय, पोट भरलेलं आहे, मग खायचं कशाला? आणि तुझ्याविरुद्ध उभा असलेला दगडखाणीचा मालक तर गावभर सांगत फिरतोय की औषधवाल्यापेक्षा माझं पोट दहापट भरलेलं, म्हणून मी दहापट प्रामाणिक. तेव्हा माणसाची श्रीमंती, त्याचा पगार आणि त्याचं खाणं यांचा एकमेकांशी संबंध काय, हे मी कळवायचं. जन्मभर शाळेत विभक्त्या घोकून घेणाऱ्याला विचारण्यासारखा हा प्रश्न नव्हे. पण योग असा की आमच्या इमारतीत याचे प्रयोग झालेले आहेत, आणि त्यांतला एक तर माझ्याच सूचनेवरून.

आमच्या इमारतीचं सचिवपद मानाचं, म्हणजे फुकटचं. ते एका निवृत्त कारकुनांकडे होतं. (आम्ही त्यांना नोंदसाहेब म्हणतो. कुठलीही तक्रार नेली की ते ‘नोंद घेतली’ म्हणतात, आणि तक्रारीचं ऐहिक जीवन तिथेच संपतं.) गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची डागडुजी झाली त्याच आठवड्यात त्यांच्या न्हाणीघरात चकचकीत नवा नळ बसला. प्लंबरने त्याचे पैसे घेतले नाहीत. कुजबुज झाली, पण बेताचीच. बिचारा फुकट राबतो, एक नळ घेतला तर कुठे बिघडलं, असं लोक म्हणाले. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य तेवढे चिडले, कारण तसा नळ त्यांच्याही मनात होता.

पुढच्या खेपेला लोकांनी तुझ्या खाणवाल्यासारखाच विचार केला आणि फरशांच्या दुकानाच्या मालकांना निवडून दिलं. गडगंज माणूस. बैठकीला चहा-बिस्किटं स्वतःच्या खिशातून आणायचे. त्यांनी एक पैसाही खाल्ला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. फक्त जिन्याच्या फरशा, चांगल्या होत्या तरी, बदलल्या गेल्या. नव्या फरशा त्यांच्याच दुकानातून आल्या, ‘ना नफा ना तोटा’ अशा एका भावाने, आणि तो भाव काय हे कुणी विचारलं नाही. मी विचारणार होतो. वाक्य जुळवलंही होतं, चांगलं कर्मणि प्रयोगात, म्हणजे कर्त्याला झळ पोचू नये. पण तोंडात त्यांचंच बिस्किट होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की श्रीमंत माणूस स्वतः खात नसेलही. तो आपल्याला खाऊ घालतो, आणि भरल्या तोंडाने हिशेब विचारता येत नाही.

मग मी सर्वसाधारण सभेत सिद्धांत मांडला. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, तसं जिथे जिथे चणचण तिथे तिथे नळ. चणचण घालवा, नळ आपोआप जाईल. सचिवाला चांगला पगार द्या. (टाळ्या पडल्या. संस्कृत शिकवून इतक्या वर्षांत पडल्या नव्हत्या.) ठराव झाला आणि नोंदसाहेब पगार घेऊन परत आले. प्रयोगाची शुद्धता बघ दादा: तोच माणूस, तीच टाकी, तोच प्लंबर, नवा फक्त पगार.

काही महिन्यांनी टाकी पुन्हा गळाली आणि पुन्हा दुरुस्त झाली. मी एका कागदावर सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो, शाई हाताला लागली, म्हणून त्यांच्या पत्नीने न्हाणीघर दाखवलं. म्हणाल्या, “डावीकडचा सोडा भाऊजी, गरम येतं.” वर पाहिलं तर नवाकोरा गिझर. माझा सिद्धांत त्याच्या लाल दिव्याखाली उकळत होता.

प्लंबरला जिन्यात गाठलं. तो बिलकुल वरमला नाही, उलट मलाच समजावू लागला. “अहो मास्तर, आधी ते फुकट काम करायचे, त्यांना नळ चालायचा. आता पगारदार माणूस. पगारदार माणसाला नळ कसा द्यायचा? बरं दिसतं का ते?” नोंदसाहेबांना छेडलं तर ते म्हणाले, “पगार कामाचा आहे, मास्तर. गिझर स्नेहाचा आहे.” यावर मी बरंच काही बोललो. त्यांनी नोंद घेतली.

म्हणजे खिसा रिकामा, खात होते. खिसा भरला, खात होते. खिसा जन्मतःच भरलेला, तर आम्ही खात होतो. मग माणूस खायचा थांबतो तरी केव्हा? हे कुतूहल मला बरेच दिवस छळत होतं. उत्तर तळमजल्यावरच्या काकूंनी दिलं, तेही मला नव्हे, लिफ्टला. त्यांनी हट्ट धरून दुरुस्तीचं प्रत्येक बिल लिफ्टच्या दाराशेजारी चिकटवायला लावलं, आणि रोज सकाळी भिंग घेऊन त्या ते मोठ्याने वाचतात. आमची लिफ्ट सावकाश येते, त्यामुळे श्रोतृवर्ग भरपूर. “वॉशर,” असं म्हणून त्या थांबतात, भाव वाचतात, आणि चष्म्यावरून नोंदसाहेबांकडे पाहतात. पगार तोच आहे, पण हल्ली वॉशर वॉशरच्या भावात येतो.

आता तुझ्याकडे वळतो. तू दुकानात सचोटीने वागतोस हे गाव जाणतं. पण गल्ल्यावर वहिनी बसतात. नगरपालिकेच्या सभागृहात त्या बसणार नाहीत. तेव्हा ती सचोटी नेमकी तुझी की वहिनींची, हे आजवर कुणी तपासलेलं नाही, आणि ते तपासायला लोकांचा पैसा वापरणं योग्य नव्हे. सबब निर्णय: उभा राहू नकोस. गोळ्या विक, सुखाने झोप, आणि झोप येत नसेल तर तुझंच खोकल्याचं औषध घे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुझा राग आला तर तो माझ्या पत्त्यावर.

तुझा,
षडंग बंधू

ता. क. : एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. तुझं पत्र येण्याच्या आदल्याच दिवशी वहिनींचं आलं होतं. चौकशी हवी तशी करा, पण निष्कर्ष ‘उभं राहू नये’ असाच निघावा, आणि तो निघाला तर तुमच्या माळ्यावर पडलेली काकांची, म्हणजे तुझ्या वडिलांची, आरामखुर्ची माझी, असा मजकूर होता. त्या खुर्चीवर मी लहानपणापासून डोळा ठेवून आहे हे त्यांना ठाऊक. माझ्यावरच्या विश्वासापोटी त्यांनी ती आगाऊच धाडली, आणि तू माळ्यावर कधी चढत नाहीस म्हणून तुला पत्ता लागला नाही. हे सबंध पत्र मी तिच्यात बसून लिहिलं आहे. वरचा युक्तिवाद त्या बेताने वाचावा.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवायला पुढे झालो आणि खुर्चीचा वेत कडाकडा फाटून मी चौकटीत खाली गेलो. हिने ओढून बाहेर काढलं. मोबदला असा निघाल्यावर खोटं मत देण्याचं बंधन माझ्यावर राहत नाही, म्हणून खरं सांगतो: उभा राहा. त्या खाणवाल्याला आपण खाऊ की काय अशी शंका चुकूनही शिवलेली नाही. तुला ती आली, आणि मुदत संपायच्या आत तू ती चारचौघांसारखी गिळून न टाकता मला लिहून कळवलीस. तिथला मतदार असतो तर मी त्या शंकेला मत दिलं असतं. शनिवारची वाट न बघता अर्ज भर. वहिनींना हे वाचून दाखवायला हरकत नाही. फक्त त्या खुर्चीला नवा वेत बसवून देणार असतील तर शुक्रवारपर्यंत कळवायला सांग, मी फेरविचार करीन.